रात्री पावणेअकराचा ‘कॉल?’

पत्र, थोडक्यात:

मी ३४ वर्षांची, कराडला राहते. पुण्यातल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टिंगमध्ये, म्हणजे दोष शोधायच्या कामात आहे. कोविडमध्ये घरून काम सुरू झालं, पुढे सासऱ्यांच्या आजारपणामुळे मी कायमचं घरून काम मागून घेतलं. लाइट जाते म्हणून इन्व्हर्टर बसवला, दोन कंपन्यांचं इंटरनेट घेतलं. कामाबद्दल कधी बोल लागलेला नाही. सव्वा वर्षापूर्वी नवे मॅनेजर आले. ते अमेरिकेत डलासला असतात, मूळचे नागपूरचे, वीस वर्षं तिकडे. आम्ही प्रत्यक्ष कधीच भेटलेलो नाही. मेलला तीन-तीन दिवस उत्तर नसतं. मग रात्री पावणेअकराला चॅटवर नुसतं ‘कॉल?’ येतं आणि माझ्या पोटात गोळा येतो. बहुतेकदा गोष्ट साधीच असते. कधी तोंडी एक सांगतात आणि पुढच्या आठवड्यात ‘मी असं म्हटलंच नव्हतं’ म्हणतात. ठरलेलं वन-ऑन-वन, म्हणजे आम्हा दोघांपुरतं बोलणं, तीन महिन्यांत एकदाच झालं. आमचं बोलणं इंग्रजीत असतं, पण चिडले की ते मराठीत येतात. गेल्या महिन्यात पंधरा जणांच्या मीटिंगमध्ये म्हणाले, ‘अगं, एवढंही कळत नाही का तुला?’ मराठी फार थोड्यांना कळलं असेल, सूर सगळ्यांना कळला. मुलगी सात वर्षांची आहे. जेवताना फोन ताटाशेजारी असतो, बऱ्याचदा सासूबाई माझं ताट झाकून ठेवतात. नवरा म्हणतो, दुर्लक्ष कर. सासूबाई म्हणतात, घरी बसून पगार मिळतो तर थोडं सोसायचं. मलाही तसंच वाटतं. मी त्यांना आजवर काही बोलले नाही. बोलले तर पुण्याला परत बोलावतील. काय करू?

प्रिय मैत्रीण,

तुमच्या पत्रात तक्रारी बऱ्याच आहेत आणि त्या खऱ्या आहेत. पण मी अडखळले ती सासूबाईंच्या वाक्यानंतर तुम्ही लिहिलेल्या तीन शब्दांपाशी: ‘मलाही तसंच वाटतं.’ आपल्या घरात, आपल्या माणसांत राहून नोकरी करता येते ही कंपनीची मेहेरबानी, आणि तिची परतफेड म्हणून रात्रीचे कॉल, गार झालेलं जेवण आणि अधूनमधून चारचौघांत पाणउतारा, असा हिशेब तुमच्या मनात पक्का बसला आहे. मॅनेजरच्या सवयींकडे जाण्याआधी हा हिशेब तपासू या, कारण तो चुकीचा राहिला तर पुढचं काहीच तुमच्या हातून होणार नाही.

तुम्ही पुण्यात असता तर कंपनीला तुमची खुर्ची, वीज, जागेचं भाडं, जनरेटर हे सगळं द्यावं लागलं असतं. कराडात इन्व्हर्टर तुमचा, दोन्ही इंटरनेटची बिलं तुमची. काम चोख होतंय हे तुम्हीच लिहिलंय. आणि घरून काम करायची परवानगी तुम्ही रीतसर मागून, त्यांनी विचार करून दिलेली आहे. म्हणजे हा दोन्ही बाजूंना परवडलेला व्यवहार आहे. उपकार समजून घेतलेल्या गोष्टीला माणूस अट घालत नाही, म्हणून सव्वा वर्षात तुम्ही एकही अट घातली नाहीत. साडेनऊनंतर मला जमणार नाही, एवढं साधं वाक्यसुद्धा तुमच्या तोंडून निघालं नाही.

महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकानं आणि आस्थापना कायद्यात एक तरतूद आहे: रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळात बाईकडून काम करून घ्यायचं तर तिची संमती लागते. हा कायदा मॅनेजरसमोर नाचवा असं मी अजिबात सांगत नाही. तो मुळात लिहिला गेला आहे तो कामाच्या जागी थांबणाऱ्या बायकांची सुरक्षितता डोळ्यांसमोर ठेवून. पण त्यातला ‘संमती’ हा शब्द तुम्ही जवळ ठेवावा असं वाटतं. तुमची संमती कुणी विचारली नाही, आणि ती आपल्याला विचारायला हवी होती असं तुम्हालाही वाटलं नाही.

आता पोटातल्या गोळ्याविषयी.

तुमच्या पावणेअकराला डलासमध्ये उन्हाळ्यात दुपारचे सव्वाबारा वाजलेले असतात. सकाळच्या मीटिंगा उरकून, जेवायला उठण्याआधी हा माणूस राहिलेल्या गोष्टी हातावेगळ्या करत असावा. तुमच्या नावापाशी येतो, एक शब्द टाइप करतो. त्याच्या खिडकीत ऊन आहे. तुमच्याकडे मुलगी झोपलीय, घर शांत आहे, आणि त्या शांततेत तो एक शब्द भलताच मोठा वाजतो. ऑफिसात असता तर तोच माणूस तुमच्या टेबलापाशी येऊन, हातात चहाचा कप घेऊन म्हणाला असता, ‘दोन मिनिटं आहेत का?’ आणि त्याच्या चेहऱ्यावरून तुम्हाला अर्ध्या क्षणात कळलं असतं, काही विशेष नाही. लांबून फक्त अक्षरं पोचतात. चेहरा आपण आपल्या मनातून लावतो, आणि घाबरलेल्या मनापाशी एकच चेहरा तयार असतो.

जस्टिन क्रुगर आणि निकोलस एप्ली या संशोधकांनी २००५ साली ई-मेलमधल्या सुरावर काही प्रयोग प्रसिद्ध केले. लिहिणाऱ्यांना खात्री होती की आपण गंभीरपणे लिहिलंय की उपरोधानं, हे वाचणाऱ्याला बहुतेक वेळा कळेल. प्रत्यक्षात वाचणाऱ्यांचा अंदाज नाणं उडवून सांगावा त्यापेक्षा थोडाच बरा निघाला. पण त्या वाचणाऱ्यांनाही आपल्या अंदाजाची जबर खात्री होती. हे मी तुमचं दुःख खोटं ठरवायला सांगत नाही. तुमच्या मॅनेजरनाही बहुधा ठाम वाटत असेल की ‘कॉल?’ हा अगदी साधा, मोकळा शब्द आहे.

असं मी म्हणू शकते कारण मी त्या बाजूलाही बसलेली आहे. पुण्यात एका टीमची जबाबदारी माझ्याकडे होती, टीममधला एक मुलगा नागपुरातून काम करायचा. एका मीटिंगमधून दुसरीकडे जाताना मी त्याला नुसतं ‘बोलू या’ असं टाकायचे आणि मग तासभर अडकायचे. नोकरी सोडताना शेवटच्या दिवशी तो म्हणाला, ‘मॅडम, तुमचं बोलू या आलं की तुमचा फोन येईपर्यंत मला जेवण जायचं नाही.’ दोन वर्षं त्यानं हे सोसलं होतं. मला कुणी आधी सांगितलं असतं तर ‘बोलू या’पुढे ‘उद्याच्या डेमोबद्दल, घाई नाही’ एवढं जोडायला मला पाच सेकंद लागली असती. त्या मुलाच्या दोन वर्षांचं मला आजही वाईट वाटतं, आणि तुमचं पत्र वाचताना सगळ्यात आधी तोच आठवला.

म्हणून माझं पहिलं सांगणं: सांगा. त्यांच्या स्वभावाविषयी बोलू नका, ‘तुम्ही असे वागता’ हेही नको. कामाची घडी कशी बसवायची यावर बोला. ऑफिसचं लिहिणं तुम्ही इंग्रजीत करता, मी मजकूर मराठीत देते:

‘आपल्या वेळांमध्ये साडेदहा तासांचं अंतर आहे, त्यामुळे तुमचे निरोप मला रात्री उशिरा मिळतात. मला तयारीनिशी बोलता यावं म्हणून दोन गोष्टी सुचवते. कॉल हवा असेल तेव्हा विषय आणि आजच हवा की उद्या चालेल, एवढं लिहाल का? आणि मंगळवारी व गुरुवारी तुमच्या सकाळी आठ वाजता अर्धा तास मी तुमच्यासाठी राखून ठेवते. साडेनऊनंतर मी चॅट बघत नाही, ग्राहक वापरतात त्या चालू सिस्टीममध्ये (प्रॉडक्शनमध्ये) काही कोसळलं तर मात्र फोन करा.’

यातलं शेवटचं वाक्य लिहिताना हात थरथरेल. तरी ते गाळू नका. तातडीचं दार उघडं ठेवल्यामुळे बाकीचं दार बंद करायचा तुम्हाला हक्क मिळतो, आणि ‘तातडीचं’ म्हणजे काय हे एकदा दोघांनी मिळून ठरवलं की तसे फोन महिन्यातून एखादाच येतो, असा माझा अनुभव आहे. साडेनऊला चॅटची नोटिफिकेशन्स आपोआप बंद होतील अशी सोय फोनमध्ये लावून टाका. दुर्लक्ष कर, असं तुमचे यजमान म्हणतात, पण फोन वाजत असताना दुर्लक्ष करायलाही ताकद लागते आणि ती रोज रात्री खर्ची पडते.

त्यांची सकाळी आठची वेळ मी मुद्दाम सुचवली. उन्हाळ्यात तेव्हा तुमच्याकडे संध्याकाळचे साडेसहा वाजलेले असतात. मात्र एक खाच लक्षात ठेवा. अमेरिकेतली घड्याळं मार्चच्या दुसऱ्या रविवारी एक तास पुढे जातात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे येतात. आपली जागची हलत नाहीत. त्यामुळे त्यांच्या घड्याळाला बांधलेली प्रत्येक मीटिंग नोव्हेंबरात तुमच्याकडे तासभर उशिरा सरकते, साडेसहाची साडेसात होते, आणि त्या तासाबद्दल तुम्हाला कुणी विचारत नाही. ऑक्टोबरमध्येच विचारा: हिवाळ्यात आपण ही वेळ कुणाच्या घड्याळानं धरायची? दरवर्षी तुम्हीच सरकायचं असं कुठे लिहिलेलं नाही.

‘मी असं म्हटलंच नव्हतं’ याचा उपाय तुम्हाला माहीत असेल, फक्त तो भांडणाच्या वेळचा पुरावा म्हणून वापरायचा नसतो. कॉल संपल्यावर दहा मिनिटांत तीन ओळींचं एमओएम, म्हणजे बैठकीचं टिपण, पाठवा: आज हे ठरलं, मी हे करते, तुमच्याकडून हे हवं. प्रत्येक वेळी, अगदी साध्या कॉलनंतरही. फक्त वादाच्या कॉलनंतर पाठवलंत तर त्यांना ते पोलिसातल्या जबाबासारखं वाटेल. रोजचंच झालं की त्यांनाही त्याचा आधार वाटू लागेल, कारण शक्यता अशीही आहे की ते खोटं बोलत नसून खरोखर विसरत असतील. दिवसाला आठ-दहा कॉल करणाऱ्या माणसाच्या डोक्यात कालचं आज राहत नाही.

आणि उत्तर न आलेल्या मेलचं काय? इथे तुम्ही एक मोठी चूक करत असाव्यात, असा माझा अंदाज आहे, कारण ती आपण बहुतेकजण करतो. आपण विचारतो, ‘सॉफ्टवेअरच्या या बिल्डमध्ये (नव्या आवृत्तीत) जुन्या मोबाइलवरची टेस्टिंग घ्यायची का? कृपया कळवा.’ आणि थांबून राहतो. असा मेल वाचणाऱ्याला विचार करायला लावतो, म्हणून तो ‘नंतर बघू’मध्ये जातो. त्याऐवजी निर्णय तुम्ही घ्या आणि अडवायची संधी त्यांना द्या: ‘जुन्या मोबाइलवरची टेस्टिंग मी या वेळी फक्त लॉगिन आणि पेमेंटपुरती ठेवते आहे, कारण दिवस चारच आहेत. वेगळं हवं असेल तर बुधवार संध्याकाळपर्यंत सांगा, नाहीतर मी याप्रमाणे पुढे जाते.’ आता त्यांच्या गप्प राहण्याला तुम्हीच अर्थ दिलेला आहे, आणि तो लेखी आहे. चार दिवस ते मनातून रागावलेत का, याचा शोध घेत बसायला नको. एक पथ्य मात्र पाळा. ज्या गोष्टी नंतर दुरुस्त करता येतात त्यांच्यापुरतंच हे वापरा. रिलीजला हिरवा कंदील, क्लायंटच्या डेटाला हात लावणं, अशा ठिकाणी त्यांचं स्पष्ट ‘हो’ येईपर्यंत थांबायचं, आणि ते येत नसेल तर फोन करायचा. हो, तुम्ही त्यांना. दर वेळी त्यांनीच बोलवायचं आणि आपण जायचं, हा पायंडा मोडायला तोच एक फोन पुरतो.

आता त्या वाक्याकडे येते.

‘अगं, एवढंही कळत नाही का तुला?’ हे वर सांगितलेल्या कशातच बसत नाही. एकशब्दी निरोप, विसरणं, मीटिंग रद्द करणं हा गलथानपणा आहे, तो सवयींनी आणि युक्तीनं आवरता येतो. पंधरा माणसांदेखत एकीला असं बोलणं हा अपमान आहे. त्याला तुम्ही तसंच म्हणा, निदान स्वतःशी. पत्रात तुम्ही तो बाकीच्या तक्रारींच्या रांगेत शेवटी उभा केलाय, जणू मेलला उशीर होणं आणि हे एकाच मापाचं आहे.

यात भाषेचाही एक पेच आहे, आणि माझ्या मते तुम्ही गप्प राहिलात त्यात त्याचा वाटा मोठा आहे. इंग्रजीत तुम्ही दोघं एका पातळीवर होता. मराठीत आल्याबरोबर ते ‘अगं’ आणि ‘तुला’ म्हणाले. क्षणात ते घरातले मोठे झाले आणि तुम्ही धाकट्या. मोठ्या माणसाला उलट बोलायचं नाही हे आपल्या हाडात मुरलेलं आहे. त्यांना ‘तू’ म्हणता येत नाही, आणि ‘तुम्ही’ म्हणत खडसावायला जीभ वळत नाही. आपल्याच माणसाकडून आल्यामुळे ते जास्त लागलं हेही खरं. तो नागपूरचा आहे, आपली भाषा बोलतो, तर आपल्याला समजून घेईल, अशी आशा तुम्ही सुरुवातीला धरली असणार. ती आशा सोडून द्या असं म्हणवत नाही, पण मॅनेजर म्हणून त्यांच्याकडून तुम्हाला मिळायला हवं ते आपलेपणावर अवलंबून ठेवू नका.

पुन्हा असं झालं तर मीटिंगमध्येच, शांत आवाजात, इंग्रजीतच म्हणा, ‘हे आपण मीटिंगनंतर दोघांत बोलू.’ एवढंच. मराठीतल्या वाक्याला मराठीत उत्तर द्यायला तुम्ही बांधलेल्या नाही. मग खरोखर त्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी वेळ मागा आणि सांगा, ‘माझी चूक असेल तर जरूर दाखवा, सगळ्यांसमोर त्या सुरात बोललेलं मला चालणार नाही.’ गेल्या महिन्यातल्या प्रसंगाबद्दलही हे आता बोलता येईल, उशीर झालेला नाही. माफी मागतील की नाही, सांगता येत नाही. अशी माणसं बरेचदा तोंडानं काही म्हणत नाहीत आणि वागणं मात्र बदलतात. तेवढ्यावर समाधान मानायचं का, हे तुम्ही ठरवा. मी मानलं असतं.

आणि नाहीच बदललं तर? सहा-आठ आठवडे द्या. त्या काळात तारीख, वेळ, शब्द, कोण हजर होतं, हे स्वतःच्या वहीत लिहीत जा. कंपनीच्या लॅपटॉपवर नको. मग पुण्यातल्या एचआरकडे जा किंवा मॅनेजरच्या वरच्या माणसाशी थेट, म्हणजे स्किप-लेव्हल, बोलणं मागा. तिथे ‘ते नीट बोलत नाहीत’ असं म्हणालात तर सहानुभूती मिळेल आणि तुम्ही परत याल. ‘तीन महिन्यांत एक वन-ऑन-वन, अमुक तारखेला मीटिंगमध्ये हे शब्द, या दोन वेळा सूचना बदलल्यामुळे टेस्टिंगचे चार दिवस वाया,’ असं मांडलंत तर त्यांना काहीतरी करावं लागेल. टीम बदलून मिळेल का हेही त्याच बैठकीत विचारा. बरेच जण टीमबदलीचा पर्याय विसरतात आणि थेट राजीनाम्यावर येतात.

पुण्याला परत बोलावतील ही भीती मी उडवून लावणार नाही. गेल्या काही वर्षांत बऱ्याच कंपन्यांनी माणसांना ऑफिसात परत आणलंय, उद्या तुमचीही आणू शकते. पण ते घडलं तर धोरण बदललं म्हणून घडेल. तुम्ही निरोपात विषय लिहायला सांगितला म्हणून कुणी कुणाला कराडहून पुण्याला आणत नाही. तुम्ही दोन वेगळ्या गोष्टींची गाठ मारून ठेवली आहे आणि त्या गाठीपायी तोंड दाबून बसल्या आहात. या आठवड्यात आधी एक करा: परवानगीचा तो मेल शोधा, त्यात नेमकं काय लिहिलंय ते वाचा. मुदत आहे का, अट आहे का, कुणाच्या सहीनं आहे. तुमच्या मॅनेजरच्या लहरीवर ती रद्द होऊ शकते का, याचं उत्तर तिथेच मिळेल.

दुसरी नोकरी शोधायची का, असं तुम्ही विचारलेलं नाही. तरी बायोडेटा अद्ययावत करून ठेवा. आपल्याकडे या धंद्यात नोटीस पिरियड बरेचदा तीन महिन्यांचा असतो, त्यामुळे फार थकल्यावर सुरुवात केली तर सुटका आणखी तीन महिने लांबते. आणि बाहेर आपल्याला विचारणारं कुणी आहे हे माहीत असलं की माणूस मीटिंगमध्ये वेगळ्या आवाजात बोलतो.

तुमच्यासारखीच पत्रं मला सातारा, जळगाव, अकोल्याहूनही येतात. कुणाचा मॅनेजर लंडनला, कुणाचा बंगळुरूला. बंगळुरूवाल्याचं आणि आपलं घड्याळ तर एकच, तरी पोटातला गोळा तसाच. तेव्हा सगळा दोष साडेदहा तासांवर टाकू नका, त्या वाचकांनाही माझं हेच सांगणं आहे.

आणि सासूबाईंशीही बोला. ‘घरी बसून पगार’ असं त्या म्हणतात, कारण त्यांना तुमचं काम दिसत नाही, तुम्ही खोलीत बसलेल्या दिसता. एखाद्या दुपारी त्यांना शेजारी बसवून दाखवा, हा दोष सापडला नसता तर कुणाचे पैसे दोनदा कापले गेले असते. नंतर मंगळवार-गुरुवारचा बेत सांगा. हिवाळ्यात त्या दोन दिवशी जेवायला आठ वाजतील. बाकीचे दिवस नेहमीच्या वेळी, फोन आतल्या खोलीत ठेवून, आणि तुमचं ताट त्यांना झाकून ठेवावं लागणार नाही.